पाचारणाची पारख

‘मला फादर व्हायचंय,’ असे बारावीतला मुलगा सांगतो, तेव्हा वसईच्या कॅथलिक घरात तीन तऱ्हा दिसतात. आजी जपमाळ हातात घेते आणि पवित्र मरियेचे आभार मानते. आई गप्प होते. मुलगा हातचा गेला असे तिला वाटते. वडील म्हणतात, ‘आधी पेपर नीट दे, मग बघू.’ तिघांची समजूत मात्र एकच असते. मुलाने ठरवले म्हणजे ठरले, आता तो सेमिनरीत जाईल आणि काही वर्षांनी पांढऱ्या झग्यात परत येईल. तसे होत नाही. त्या वाक्यापासून गुरुदीक्षेपर्यंत साधारण दहा वर्षे जातात आणि त्या सगळ्या वर्षांत एकच प्रश्न निरनिराळ्या बाजूंनी विचारला जातो: हे पाचारण खरोखर देवाचे आहे का, आणि असले तर ते याजकपदाचेच आहे का? ही पारख कोण करते, कशी करते आणि तिच्यात ‘नाही’ म्हणायला जागा कुठे कुठे राखून ठेवली आहे, हे आपल्या भाविकांतही फार थोड्यांना माहीत असते. घरोघरी जे गैरसमज आणि जो ताण दिसतो, त्यातला बराचसा या अज्ञानातून येतो.

पहिली गोष्ट म्हणजे याजकपद हा कोणाचाही हक्क नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी यावरून फ्रान्समध्ये मोठा वाद झाला होता. एका पक्षाचे म्हणणे असे, की ज्याच्या अंतःकरणात देवाने ओढ घातली त्याला पाचारण झाले; ख्रिस्तसभेने ते फक्त मान्य करायचे. जोसेफ लाहितों नावाच्या धर्मगुरूने याच्या उलट मांडणी केली. पोप दहावे पायस यांनी नेमलेल्या कार्डिनलांच्या समितीने १९१२ साली निर्णय दिला तो मुख्यतः लाहितों यांच्या बाजूने. बिशपने स्वेच्छेने निवड करण्याआधी कोणाचाही दीक्षेवर अधिकार नसतो, आणि अंतरीची ओढ ही अटळ अट नाही; शुद्ध हेतू आणि अंगची योग्यता असली की पुरे, असे त्या निर्णयाचे सार आहे. आज ओढीला पुन्हा बरेच महत्त्व दिले जाते, आणि ते योग्यच आहे. तरी १९१२ च्या त्या निर्णयाचा गाभा टिकून आहे. पाचारण मुलाला ऐकू यावे लागते आणि ख्रिस्तसभेलाही ते त्याच्यात दिसावे लागते. दोहोंपैकी एकाच बाजूने ‘हो’ आले, तर गोष्ट पुढे जात नाही.

बायबलमध्ये शमुवेलची कथा आहे. शिलोच्या मंदिरात झोपलेल्या त्या पोराला रात्री हाक ऐकू येते आणि तो धावत म्हाताऱ्या एली याजकाकडे जातो. असे तीनदा होते. हाक कोणाची हे पोराला कळत नाही, ते कळते एलीला. आणि एली काही फार थोर याजक नव्हता. त्याचे स्वतःचे मुलगे बिघडलेले होते. तरीही ओळखायला दुसरा माणूस लागलाच. पाचारणावर विचार करणाऱ्या मुलाने ही कथा निवांतपणे वाचावी. एकट्याने खोलीत बसून, डोळे मिटून, कौल लागेपर्यंत वाट पाहायची असा हा प्रकार नाही.

मग अंतरी जे चालते ते ओळखायचे कसे? याबाबतीत ख्रिस्तसभेचा सर्वांत उपयोगी शिक्षक म्हणजे लोयोलाचा इग्नेशियस. हा स्पेनमधला बास्क सरदारपुत्र. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला आणि तो महिनोन्‌महिने घरी खाटेला खिळला. वेळ घालवायला त्याने शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. तो त्याच वाचू लागला. मधल्या वेळात त्याची दोन स्वप्नरंजने चालत. एकात तो एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी पराक्रम गाजवी. दुसऱ्यात तो फ्रान्सिस, डॉमिनिक या संतांसारखा अनवाणी यात्रेला निघे. दोन्हींत तो तासन्‌तास रमे. फरक जाणवे तो नंतर. पहिले स्वप्न संपल्यावर मन कोरडे, उदास होई. दुसरे संपल्यावरही मन प्रसन्न राही. एके दिवशी हा फरक त्याच्या लक्षात आला आणि तिथून त्याच्या साऱ्या विवेकशास्त्राची सुरुवात झाली. विचार येतो तेव्हा काय वाटते यापेक्षा तो विचार निघून गेल्यावर मागे काय उरते, ते पाहायचे.

पुढे मानरेसा गावच्या मुक्कामात त्याने जे अनुभवले आणि टिपून ठेवले, त्यातून ‘आध्यात्मिक साधना’ हे छोटे पुस्तक तयार झाले. पोप तिसरे पॉल यांनी त्याला १५४८ मध्ये मान्यता दिली. तीस दिवसांच्या मौनातली ही साधना आजही जशीच्या तशी करवली जाते. आठ दिवसांची तिची छोटी आवृत्ती तर आपल्याकडचे बहुतेक धर्मगुरू आणि धर्मभगिनी वेळोवेळी करतात. तिच्यातल्या काही सूचना पाचारणाच्या प्रश्नाला नेमक्या लागू पडतात. मन खिन्न असेल, प्रार्थना नकोशी झाली असेल, सगळे व्यर्थ वाटत असेल, अशा काळात आधी केलेला निश्चय बदलू नये. ही सूचना पुष्कळांना माहीत असते. तिची जोडीदार सूचना मात्र कमी जणांना ठाऊक आहे: मन उत्साहाने भरून आले असताना घाईघाईने वचन किंवा व्रत घेऊ नये, आणि साधना करवणाऱ्याने अशा माणसाला आवरावे. वेलंकणीच्या यात्रेहून किंवा एखाद्या करिस्मॅटिक शिबिरातून परतलेला मुलगा त्याच आठवड्यात सेमिनरीचा अर्ज मागतो, तेव्हा त्याला ‘सहा महिने थांब’ म्हणणारा फादर त्याचा उत्साह मारत नसतो. तो इग्नेशियसचे ऐकत असतो.

निवड करायची वेळ आली की इग्नेशियस एक अगदी साधी, कागदावर करता येईल अशी रीत सांगतो. आधी मन मध्यावर आणायचे, तराजूच्या काट्यासारखे, ना इकडे झुकलेले ना तिकडे. मग चार रकाने आखायचे. याजक झालो तर देवाच्या सेवेसाठी आणि माझ्या आत्म्याच्या भल्यासाठी काय लाभ. याजक झालो तर कोणत्या अडचणी आणि धोके. न झालो तर काय लाभ. न झालो तर कोणते धोके. नेहमीच्या दोन रकान्यांत हे काम भागत नाही. मुले पहिला रकाना भराभर भरतात आणि तिसऱ्यापाशी अडतात. ‘मी फादर झालो नाही, तर देवाची सेवा कशी करीन?’ या प्रश्नाला ज्याच्याकडे एकही उत्तर नाही, त्याने अजून लग्न, नोकरी, सामान्य भाविकाचे जीवन यांकडे नीट पाहिलेलेच नाही. तो निवड करत नाही. त्याला दुसरे काही दिसतच नाही. चारही रकाने भरून झाल्यावर आणखी दोन कल्पना करायच्या. अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला, तर त्याला मी काय सांगेन? आणि मरणाच्या क्षणी मागे वळून पाहताना आज काय ठरवलेले असावे असे वाटेल? एवढे करून जे निघेल ते प्रार्थनेत देवापुढे ठेवायचे आणि त्याची पुष्टी मागायची.

साधना करवणाऱ्यालाही या पुस्तकात एक बंधन घातले आहे: त्याने याजकपदाच्या बाजूने ढकलू नये, विरुद्ध बाजूनेही ढकलू नये. त्याने मध्ये उभे राहावे आणि देवाला त्या जीवाशी थेट बोलू द्यावे. आपल्या घरांत आणि धर्मग्रामांत एवढा एक नियम पाळला गेला, तरी पुष्कळ दुःख टळेल, असे मला मनापासून वाटते. ‘आमच्या घराण्यात अजून एकही फादर नाही’ हे वाक्य सतरा वर्षांच्या मुलापुढे बोलायचे नसते. ‘एकुलता एक आहेस, म्हातारपणी आम्हाला कोण?’ हेही बोलायचे नसते. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मकायद्याच्या संहितेत तर याबद्दल स्पष्ट कलम आहे. कोणालाही, कोणत्याही प्रकारे, कोणत्याही कारणासाठी दीक्षा घ्यायला भाग पाडणे निषिद्ध आहे. आणि जो योग्य ठरला आहे त्याला दीक्षेपासून परावृत्त करणेही निषिद्ध आहे. दोन्ही बाजू एकाच वाक्यात आल्या आहेत.

आता ख्रिस्तसभेची बाजू. ती काय पाहते? सुदृढ श्रद्धा, शुद्ध हेतू, पुरेसे ज्ञान, चांगले नाव, नीतिमत्ता, शारीरिक आणि मानसिक आरोग्य अशी यादी संहितेत आहे. तीतल्या ज्ञानाबद्दल लोकांना उगाच भीती असते. फ्रान्समधल्या जॉन व्हियानीला लॅटिन काही केल्या जमत नव्हते, तो परीक्षेत मागे पडला होता. तरी १८१५ मध्ये त्याला दीक्षा मिळाली. पुढे आर्स नावाच्या खेड्यात तो दिवसाकाठी कित्येक तास लोकांचे पापनिवेदन ऐकत बसे. आज तो धर्मग्रामांतल्या धर्मगुरूंचा आश्रयदाता संत आहे. हेतूची तपासणी याहून कितीतरी अवघड असते, कारण हेतू मिसळलेले असतात. व्यासपीठ आवडणे, मान आवडणे, नोकरी शोधण्याच्या काळजीतून सुटका, घरातल्या भांडणांपासून दूर जाणे, आजीला दिलेला शब्द – यांतले थोडेफार जवळजवळ प्रत्येकात असते आणि तेवढ्याने कोणी नापास होत नाही. त्या सगळ्यांच्या खाली ख्रिस्ताबद्दलचे प्रेम आणि लोकांसाठी झिजायची तयारी आहे का, हे पाहायचे असते. ते पाहायला वर्षे लागतात.

ब्रह्मचर्याचा प्रश्न याच ठिकाणी येतो. ‘मला मुलींमध्ये रस नाही, लग्नाची कटकट नको, म्हणजे मला पाचारण आहे’ असे काही मुलांना वाटते. हे लक्षण धरायचे नसते. जो चांगला नवरा आणि चांगला बाप होऊ शकला असता, तोच साधारणपणे चांगला धर्मगुरू होतो, असे सेमिनरीतले अनुभवी शिक्षक सांगतात आणि माझेही निरीक्षण तेच आहे. ज्याला जवळची मैत्री जमत नाही, एकटेपणा सोसत नाही किंवा राग आवरत नाही, त्याच्यासाठी ब्रह्मचर्य हे लपायचे ठिकाण होऊन बसते आणि पुढे त्याची किंमत इतरांना मोजावी लागते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांनी ख्रिस्तसभेला हे फार कडू रीतीने शिकवले. आता मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी, आधीच्या सेमिनरीतून बाहेर पडला असेल तर तिथल्या प्रमुखाचा अहवाल, आणि मुलांच्या सुरक्षिततेचे शिक्षण या गोष्टी प्रशिक्षणाचा भाग झाल्या आहेत. अर्जदाराला चाचणी अपमानास्पद वाटू नये. त्याच्या हाती उद्या लोक आपली मुले सोपवणार असतात.

याजक व्हायचे म्हणजे कोणत्या प्रकारचा, हेही ठरवावे लागते, आणि इथे घरच्यांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. धर्मप्रांतीय धर्मगुरू एका धर्मप्रांताला आणि त्याच्या बिशपला जोडलेला असतो. वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला. त्याचे धर्मगुरू साधारणपणे त्याच मुलखात, त्याच माणसांत राहतात. ते बिशपला आज्ञाधारकतेचे वचन देतात आणि ब्रह्मचर्याचे वचन देतात, पण दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत. त्यांना मासिक भत्ता असतो, त्यांच्या नावावर वडिलोपार्जित वाडी असू शकते. जेझुइट, सलेशियन, फ्रान्सिस्कन यांसारख्या संघांतले धर्मगुरू मात्र दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात, एकत्र राहतात आणि संघ पाठवील तिथे जातात. त्यांच्याकडे आधी नवदीक्षितांचा काळ असतो, संहितेप्रमाणे किमान बारा महिने, जेझुइटांकडे दोन वर्षे. कर्जात बुडालेल्याला या काळात प्रवेश देऊ नये असे कलमही आहे. संघ हे कर्जापासून पळायचे ठिकाण नव्हे. स्वभाव पाहून निवड करावी. ज्याला तीच माणसे, त्यांची लग्ने आणि त्यांची मरणे वर्षानुवर्षे पाहायला आवडतात, त्याला धर्मग्राम मानवतो. ज्याला शाळा, संशोधन, आदिवासी पाड्यांतले काम किंवा दूरचा देश खुणावतो, त्याने संघांची माहिती काढावी.

सेमिनरी हे नाव ऐकले की लोकांना मठ आठवतो. पण ती धर्मगुरू घडवणारी शाळा असते, आणि आपल्या भागात तिची परंपरा जुनी आहे. गोव्यात राशोलला १६१० पासून अध्ययन चालू आहे. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स तिथल्याच परिसरात वावरले. पुण्याच्या नगर रस्त्यावरची पेपल सेमिनरी पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये सिलोनमध्ये कँडीला स्थापली होती, ती १९५५ मध्ये पुण्यात आली. शेजारीच ज्ञानदीप ही संस्था आहे. नागपूरला सेंट चार्ल्स आणि मुंबईत गोरेगावला सेंट पायस कॉलेज आहे. सगळीकडे क्रम थोड्याफार फरकाने सारखाच असतो. रोमने डिसेंबर २०१६ मध्ये प्रशिक्षणाची नवी रूपरेषा दिली, तीत आधी पूर्वतयारीचा काळ, मग तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान आणि शेवटी प्रत्यक्ष सेवेचा टप्पा असे भाग आहेत. संहितेनुसार तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून सहा वर्षे भरलीच पाहिजेत, पैकी दोन तत्त्वज्ञानाची आणि चार ईशज्ञानाची. भारतात मध्ये एखादे वर्ष ‘रीजन्सी’ असते; ब्रदरला, म्हणजे सेमिनरीतल्या विद्यार्थ्याला, एखाद्या धर्मग्रामात किंवा वसतिगृहात पाठवतात. तिथे तो पाहुणा नसतो आणि फादरही नसतो. मुलांना धर्मशिक्षण द्यायचे, आजाऱ्यांच्या घरी जायचे, कार्यालयात हिशेब लिहायचे, आणि प्रमुख धर्मगुरूशी जमवून घ्यायचे. पुस्तकातून न कळलेल्या पुष्कळ गोष्टी या वर्षात कळतात. स्वतःची चिडचीड हीही त्यांतलीच.

वसईच्या मुलाला आणखी एक फेरा पडतो. घरी कादोडी किंवा वाडवळी बोली, सेमिनरीत इंग्रजी, आणि वेदीवरून बोलायचे ते प्रमाण मराठीत. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली, तेव्हापासून ही जबाबदारी त्याच्यावर आहे. ती पेलणारे निघाले की भाषेचेही भले होते. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना १९७२ मध्ये गुरुदीक्षा मिळाली. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि २०२० मध्ये धाराशिवच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. याजक झाल्याने अंगचे गुण गहाण पडतात, अशी भीती असलेल्या आईवडिलांना हे नाव सांगावे.

सेमिनरीच्या रचनेत मला सर्वांत सुज्ञ वाटणारी गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. तिथे विद्यार्थ्याभोवती दोन वेगळी वर्तुळे असतात. एकात रेक्टर, म्हणजे सेमिनरीचे प्रमुख, आणि शिक्षक असतात. ते त्याचे वागणे पाहतात: सकाळच्या प्रार्थनेला येतो का, वर्गात काय करतो, स्वयंपाकघरातल्या माणसांशी कसा बोलतो, खेळात हरल्यावर काय करतो, पैशाचा हिशेब देतो का. वर्षाच्या शेवटी ते लेखी मूल्यमापन करतात. पुष्कळ ठिकाणी सोबतच्या विद्यार्थ्यांचेही मत घेतले जाते. ते त्याच्यासमोर वाचले जाते आणि त्यावर चर्चा होते. दुसऱ्या वर्तुळात आध्यात्मिक मार्गदर्शक आणि पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू असतात. त्यांच्यापुढे तो आपले मन उघडे करतो: मोह, शंका, एखाद्या मुलीबद्दलची ओढ, श्रद्धेचा कोरडेपणा. या दोन वर्तुळांमध्ये संहितेने भिंत घातली आहे. विद्यार्थ्याला दीक्षा द्यायची की नाही, त्याला काढून टाकायचे का, हे ठरवताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्याचे मत कधीही विचारता येत नाही. रेक्टरनेही आपल्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन एरवी ऐकू नये. विद्यार्थ्याने एखाद्या वेळी स्वतःहून मागितले तरच.

भिंत यासाठी, की मुलाने खरे बोलावे. बोललेले आपल्या विरुद्ध वापरले जाईल अशी भीती असली, तर तो दोन्ही ठिकाणी चांगला मुलगा बनून राहील, आणि दहा वर्षांनी कोणालाच, त्याला स्वतःलाही, कळलेले नसेल की आत काय चालले होते. म्हणून सेमिनरीत जाणाऱ्याला एकच गोष्ट बजावून सांगायची असेल, तर ही सांगावी: मार्गदर्शकापासून काही लपवू नकोस. ‘तू थांबावेस असे मला वाटते’ हे मार्गदर्शक त्याला तोंडावर सांगू शकतो, कळकळीने सांगू शकतो. पण पुढचे पाऊल त्या मुलालाच उचलावे लागते.

आणि मुले थांबतात. दरवर्षी काही जण सोडून जातात, काहींना जायला सांगितले जाते. आमच्या समाजात अशा मुलाला ‘पळून आलेला’ म्हणायची वाईट खोड आहे. लग्न जमवतानाही ती गोष्ट कुजबुजली जाते. हे अन्यायाचे आहे. सेमिनरी पारख करण्यासाठीच असते आणि पारखीतून ‘नाही’ निघाले, तर ती तिच्या कामात यशस्वीच झाली. वसईला हे शिकवायला आपलाच संत आहे. गोन्सालो गार्सियाचा जन्म वसईचा. जेझुइटांच्या हाताखाली तो वाढला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, त्यांच्या संघात शिरण्याची त्याची फार इच्छा होती. ती पुरी झाली नाही. त्याने काही काळ व्यापार केला, पैसा कमावला, पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात गेला तो ब्रदर म्हणून. याजक तो कधीच झाला नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर चढवून मारले आणि १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. ज्या दारात त्याने आधी उभे राहून वाट पाहिली होती, ते त्याचे दार नव्हते.

ख्रिस्तसभेचे ‘नाही’ नेहमीच बरोबर असते, असे मात्र मी म्हणणार नाही. सतराव्या शतकात दिवाडीच्या मातेउश द कास्त्रोला गोव्यात दीक्षा नाकारली गेली. तो रोमला गेला, तिथे याजक झाला आणि १६३७ मध्ये बिशप झाला. त्या काळी युरोपीय संघ हिंदी माणसाला आत घेत नसत. बाणावलीचे जुझे वाझ यांनाही तो रस्ता बंद होता. त्यांनी गोव्यातल्या देशी धर्मगुरूंना घेऊन ओरेटरीचा संघ उभा केला, १६८७ मध्ये मजुराच्या वेशात डचांच्या ताब्यातल्या सिलोनमध्ये शिरले आणि तिथली छळ सोसणारी ख्रिस्तसभा पुन्हा उभी केली. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून घोषित केले. पारख करणारी माणसेच असतात. जात, पैसा, ओळख यांची छाया निवडीवर पडू शकते, आणि ती आज पडत असेल तर ते बोलून दाखवणे हेही श्रद्धेचेच काम आहे.

शेवटचा टप्पा आला की कागदपत्रे सुरू होतात. डीकनच्या, म्हणजे याजकपदाआधीच्या पायरीच्या, दीक्षेसाठी वयाची २३ वर्षे, याजकाच्या दीक्षेसाठी २५ वर्षे पूर्ण लागतात, आणि दोहोंमध्ये किमान सहा महिने. दीक्षेआधी उमेदवाराला स्वतःच्या हाताने लिहून, सही करून द्यावे लागते, की मी आपखुशीने आणि मोकळ्या मनाने ही दीक्षा घेत आहे, आयुष्यभर या सेवेला वाहून घेणार आहे, आणि मला ती द्यावी अशी माझी विनंती आहे. छापील फॉर्मवर नुसती सही चालत नाही. रेक्टर त्याच्या योग्यतेचा दाखला देतो. त्याच्या गावच्या चर्चमध्ये नाव पुकारले जाते. कोणाला अडचण ठाऊक असेल तर त्याने ती कळवावी. हे पुकारणे म्हणजे निव्वळ रीत नव्हे. विधीच्या आरंभी बिशप सर्वांदेखत विचारतात, हा योग्य आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का, आणि उत्तर येते की ख्रिस्ती लोकांकडे चौकशी करून तो योग्य आढळला आहे. ज्या बाईच्या घरी तो ब्रदर असताना आजाऱ्याला पाहायला जात होता, तीही या चौकशीतली एक साक्षीदार असते.

आपल्या लॅटिन परंपरेत ब्रह्मचर्याचे वचन डीकनच्या दीक्षेतच दिले जाते. कित्येक पौर्वात्य कॅथलिक परंपरांमध्ये विवाहित पुरुषांना दीक्षा देण्याची चाल आहे. तेव्हा हा शिस्तीचा भाग आहे, श्रद्धासिद्धांत नव्हे. पण ज्याने शब्द दिला त्याच्यासाठी तो पक्का आहे. त्याआधी धर्मप्रांतासाठी शिकणाऱ्याला कोणत्याही दिवशी ‘मी जातो’ म्हणता येते, कारण तोवर त्याने कोणतेच वचन दिलेले नसते. त्यानंतर त्या वचनातून फक्त पोप मोकळे करू शकतात. म्हणून ज्याच्या मनात खरी शंका आहे त्याने डीकन होण्याआधीच थांबावे. पत्रिका छापल्या, मंडप सांगितला, मावशी कुवेतहून निघाली, तरी थांबावे. शंका दडपून वेदीपुढे पालथे पडणे हे त्याच्यावर, त्याच्या लोकांवर आणि देवावरही अन्याय करणारे आहे.

सुरुवात करायची असेल, तर ती या सगळ्यापेक्षा सोपी आहे. दररोज रात्री दहा मिनिटे शांत बसून दिवस आठवावा: कुठे देव जवळ वाटला, कुठे दूर, कशाने मन मोकळे झाले, कशाने आक्रसले. चारच ओळी वहीत लिहाव्यात. दोन-तीन महिन्यांनी ती पाने एकदम वाचली, की एखाद्या दिवसाच्या भावनेपलीकडचे काही दिसू लागते. नियमित मिस्सा आणि पापनिवेदन चालू ठेवावे. मग आपल्या धर्मग्रामातल्या फादरना भेटावे; त्यांच्याशी पटत नसेल तर दुसऱ्या ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना. बहुतेक धर्मप्रांतांत आणि संघांत पाचारण विभागाचे एक फादर असतात. ते सुट्टीत मुलांना तीन-चार दिवस बोलावून सेमिनरीचे जीवन दाखवतात आणि तिथे गेल्याने कोणी बांधला जात नाही. पदवी घेतलेले, नोकरी करणारे, तिशीकडे झुकलेलेही जाऊ शकतात. वयाची मर्यादा जिथली तिथे विचारावी. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले, गुणपत्रिका, वैद्यकीय तपासणी, धर्मगुरूंचे पत्र हे सगळे पुढे लागते. पहिल्या भेटीला त्यातले काहीच नेऊ नये. वही मात्र जवळ ठेवावी, बोलायला पुरेसा वेळ काढून जावे आणि निघताना पुढच्या भेटीची तारीख ठरवून यावे.